कंट्रोलचं रक्त

“सर, तो चहाचा थर्मास नव्हे!”

मी ओरडेपर्यंत मोहोळकर सरांनी झाकण उघडून थर्मास कपात ओतला होता. चहा पडला नाही. कोमट मिठाच्या पाण्याबरोबर मेंढीचं एक अंडाशय टुपकन कपात येऊन पडलं. सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“ताजं दिसतंय,” ते म्हणाले, आणि कप माझ्या हातात देऊन दुसरा थर्मास शोधायला लागले.

आमच्या प्रयोगशाळेत दोन थर्मास होते. निळा चहाचा, आणि लाल अंडाशयांचा. लाल थर्मास घेऊन मी रोज सकाळी लूनावरून खाटीकखान्यात जात असे. दोन्ही थर्मास धुऊन ठेवण्याचं काम शेवंताक्काचं. ती आमची प्रयोगशाळा सहायक. त्या दिवशी तिनं माझ्या हातातला कप पाहिला, तोंडाला पदर लावला आणि बेसिनकडे धावली.

“अक्का, काय झालं?”

“पित्त गं. चिंच खाल्ली सकाळधरनं, ती बाधली आसंल.”

अठरा वर्षं ती मेंढ्यांची अंडाशयं धूत होती. कधी नाक मुरडलं नव्हतं. पण मी शास्त्रज्ञ होणार होते, मला असल्या बारीकसारीक गोष्टींकडे बघायला वेळ नव्हता.

हे कोल्हापुरातलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझ्या ओळखीचे लोक आहेत. प्राणिशास्त्र विभागात डॉ. मोहोळकरांच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होते आणि ती पाचव्या वर्षात रखडली होती. गावाकडून अण्णांचा निरोप आला होता: जानेवारीत तुमच्या कमिटीपुढं काय ते भाषण होणार आहे ना, त्याला मी येतो. पास झालीस तर राहा. नाही झालीस तर ट्रंक बांधायला दोर घेऊनच येतोय. निपाणीचं तंबाखूवाल्याचं स्थळ आणखी थांबणार नव्हतं. मुलगा चांगला होता असं सगळे म्हणायचे. मी त्याला एकदा पाहिलं होतं. तासभर तो तंबाखूच्या भावाबद्दल बोलला आणि मग मला विचारलं, “तुम्ही मेंढ्यांचं काय करता म्हणे?”

मी काय करत होते ते असं. अंडाशयात काही पेशी असतात, त्या बायकांचं हार्मोन तयार करतात. पोटातल्या गर्भाच्या लिव्हरमध्ये एक प्रथिन तयार होतं, ते थोडंथोडं आईच्या रक्तात उतरतं. सरांचा असा तर्क होता की हे प्रथिन अंडाशयातल्या पेशींना दम देतं: आता मी आलोय, तुम्ही गप बसा. ते सिद्ध करायचं तर मेंढीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या. अर्ध्या बशांना बाळाच्या नाळेच्या रक्तातलं पाणी पाजायचं, त्यात ते प्रथिन भरपूर असतं. उरलेल्या बशांना साध्या बाईच्या रक्तातलं पाणी, त्यात ते नसतं. रक्तात आधीपासून असलेली हार्मोनं कोळशाच्या भुकटीतून गाळून काढायची. मग पहिल्या बशांतल्या पेशी गप बसल्या आणि दुसऱ्या बशांतल्या काम करत राहिल्या, की झाली पीएच.डी. त्या दुसऱ्या बशांना म्हणायचं कंट्रोल.

नाळेचं रक्त सरांचे मित्र डॉ. नाडगौडा यांच्या प्रसूतिगृहातून मिळत होतं. कंट्रोलला रक्त द्यायला साधी बाई हवी होती. आधी मी हात पुढं केला. सुई पाहूनच मी स्टुलावरून खाली आले, त्यामुळे माझा विषय संपला.

“मी देतो की,” शेवंताक्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो, देतो. “अंगात रगात का कमी हाय माझ्या?”

सरांनी मला बाजूला बोलावलं. घसा खाकरला. खिडकीबाहेर पाहिलं.

“मगदूम, त्यांना एकदा विचारून घ्या.”

“काय, सर?”

“म्हणजे… रक्त देणारी व्यक्ती… तशी नसावी. नियम आहे.”

“कशी, सर?”

सरांचे कान लाल झाले. मेंढीबद्दल बोलताना या माणसाची जीभ कात्रीसारखी चालायची. मेंढी माजावर कधी येते, गाभण कशी राहते, किती कोकरं देते, यावर त्यांनी भर वर्गात तास घेतले होते. पण बाईमाणसाचा विषय निघाला की ती कात्री बोथट व्हायची.

“तुम्ही स्त्री आहात, तुम्हाला कळेल,” एवढं बोलून ते निघून गेले.

मला कळलं. पण मी पंचवीस-सव्वीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी आणि शेवंताक्का त्रेचाळीस-चव्वेचाळीसची. तिची राजश्री उपवर होती, गडहिंग्लजला तिची सोयरीक जमली होती, माघात लग्न. अशा बाईला कोणत्या तोंडानं विचारायचं? मी आपलं विचारलं, “अक्का, तुमचं सगळं ठीक आहे ना?”

“मला काय धाड भरलीया?” अक्का म्हणाली आणि बाही वर केली.

झालं. नियम पाळला गेला.

पहिलं रक्त गणपती उठल्यावर घेतलं. नाळेच्या बशांतलं हार्मोन घसरलं, सर खूश झाले. मग कंट्रोलच्या बशा तपासल्या. त्यांतलंही घसरलं होतं, थोडंसं.

“तुम्ही बशा बदलल्यात,” सर म्हणाले.

“नाही, सर.”

“मग पिपेट बदललंत.”

दसऱ्यानंतर पुन्हा रक्त घेतलं. या वेळी कंट्रोलचं हार्मोन आणखी घसरलं. सरांनी पाणी बदललं, मीठ बदललं, इन्क्युबेटरचं थर्मामीटर बदललं. मेंढ्यांवर संशय घेऊन मला दुसऱ्या खाटकाकडे पाठवलं. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा रक्त घेतलं. कंट्रोलच्या पेशी जवळजवळ मौनव्रतात गेल्या. मी बशा हातात घेऊन टेबलाशी बसले आणि मला निपाणी दिसायला लागली. तंबाखूचा वाससुद्धा आला.

मी रडायला लागले तशी अक्का उठली.

“दिष्ट लागलीया ह्या कपाटाला,” ती इन्क्युबेटरकडे बोट दाखवून म्हणाली. “गप. मी काढतो.”

तिनं मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या मुठीत धरल्या, इन्क्युबेटरवरून तीनदा ओवाळल्या आणि गॅसच्या बर्नरवर टाकल्या. पुढची दहा मिनिटं आम्ही सगळे व्हरांड्यात उभे राहून खोकत होतो. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बघा, केवढी दिष्ट हुती,” अक्का समाधानानं म्हणाली, आणि पोटावर हात ठेवून पायरीवर टेकली. “हल्ली दम लागतोय बया. वजन बी वाढलंय. वयच हाय ते. पाळी बी गेली औंदा, सुटलो त्या कटकटीतनं.”

हे ती माझ्यासमोर म्हणाली. मी मान डोलावली.

शेवटी सरांनी न राहवून कंट्रोलच्या रक्तातच ते गर्भाचं प्रथिन आहे का ते तपासलं. होतं. भरपूर होतं. दर खेपेला वाढलेलं होतं. सर खुर्चीत बसले आणि त्यांनी टेबलावरचं जाड पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मोठ्या माणसाच्या रक्तात हे प्रथिन सापडलं तर त्याचे मुख्य अर्थ दोन, असं त्यात लिहिलं होतं. एक, पोटात गर्भ. दोन, लिव्हरमध्ये गाठ.

आम्ही दोघांनी पहिला अर्थ वाचला आणि पुढं सरकलो. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मग उरला दुसरा.

“मगदूम,” सर हळूच म्हणाले, “त्यांना कळता कामा नये.”

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत सुतक आल्यासारखं झालं. सरांनी अक्काला स्वतःची खुर्ची दिली. मोसंबी आणून सोलून दिली. ती बादली उचलायला गेली की सर धावत जाऊन उचलायचे आणि सांडायचे. मी तिच्याकडे पाहिलं की माझे डोळे भरून यायचे. माझी पीएच.डी. बुडाली याचं दुःख करायचीसुद्धा मला लाज वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी अक्कानं मला स्टोअररूममध्ये ओढलं.

“उज्ज्वला, खरं सांग. साहेबास्नी काय झालंय?”

“सरांना?”

“माणूस आसा एकाएकी गोड वागाय लागला म्हणजे काय बरं लक्षण न्हवं. मरायला टेकल्यात काय?”

“नाही हो.”

“मोसंबी सोलून देत्यात मला! घरात कधी बायकोला दिलं नसंल.” तिनं डोळ्याला पदर लावला. “बिचारं. लई चांगला माणूस हुता.”

त्याच आठवड्यात सरांनी तिला वार्षिक तपासणीच्या नावाखाली डॉ. नाडगौडांकडे धाडलं. कॉलेजात अशी तपासणी कधी झाली नव्हती. दुपारी फोन वाजला. सरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. नाडगौडांचा आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं.

“नाडगौडा, स्पष्ट सांग. लिव्हर कसं आहे?”

“लिव्हर झकास आहे.”

“पण गाठ? हाताला काही लागलं का?”

“लागलं की. चांगलं हलतंय, लाथा मारतंय.”

“लिव्हर?”

“मोहोळकर,” पलीकडून आवाज आला, “लिव्हर लाथा मारत नसतं. बाई पाच महिन्यांची गरोदर आहे. तुम्ही दोघं तिथं नक्की कशाचा अभ्यास करता?”

सरांनी रिसीव्हर खाली ठेवला, तो फोनवर न ठेवता चहाच्या कपात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्हाला एकदमच हसू फुटलं. अक्का मरणार नव्हती! मी हसता हसता रडले. आम्ही पाच वर्षं आईच्या रक्तातलं गर्भाचं प्रथिन शोधत होतो, ते समोर मोसंबी खात बसलं होतं.

हसू ओसरल्यावर मला आकडे आठवले. गणपतीत थोडी घसरण, दसऱ्याला जास्त, दिवाळीला आणखी. बाळ वाढत गेलं तसतसं पेशींचं काम थंडावत गेलं. बिघडलेला कंट्रोल म्हणून आम्ही जे टाकून देणार होतो, तेच सगळ्यात चांगलं होतं. मी अक्काच्या रक्तातून तेवढं एक प्रथिन बाजूला काढलं आणि उरलेलं पेशींना पाजलं. पेशी पुन्हा कामाला लागल्या. मी प्रयोगशाळेत फुगडी घातली, एकटीच.

पण त्या दुपारी नाडगौडांकडून अक्का परत आली होती ती चेहरा पाडूनच.

“कुणाला बोलू नगं. माझ्या गळ्याची आण हाय तुला,” तिनं माझा हात स्वतःच्या गळ्यावर दाबला. “लेक बोहल्यावर आणि आई पाळण्याशी. गडहिंग्लजची माणसं काय म्हणतील? लगीन मोडंल पोरीचं. माघापत्तुर गप ऱ्हा.”

“पण अक्का, जानेवारीत माझं—”

“आण घाटलीया.”

ती शाल गुंडाळून वावरायला लागली. कोल्हापुरात थंडी असते, पण घामानं निथळण्याइतकी नसते. मी रात्रंदिवस विचार केला. रक्त देणारी बाई गरोदर होती हे न सांगता आकडे दाखवले, तर लोक म्हणणार, कंट्रोल फसला. सांगितलं, तर राजश्रीचं लग्न. सरांना विचारलं तर ते म्हणाले, “आपण त्यांना नमुना क्रमांक दोन म्हणू.”

जानेवारी आला. कमिटीत पुण्याहून डॉ. लीला दप्तरदार नावाच्या बाई आल्या होत्या, पांढरे केस, करडा आवाज. त्यांना पाहताच सरांची अर्धी भाषा गेली. मागच्या रांगेत अण्णा बसले होते. धोतर, कोट, आणि मांडीवर नव्याकोऱ्या दोराची गुंडाळी. दारातून आत येताना मी ती पहिली पाहिली. त्यांच्या शेजारी स्लाइडच्या यंत्रामागे शाल पांघरलेली अक्का उभी होती.

मी बोलले. आलेख दाखवला, तो आधी उलटा लागला, मग सुलटा. शेवटी दप्तरदारबाईंनी चष्मा काढला.

“हा नमुना क्रमांक दोन. यात गर्भाचं प्रथिन आलं कुठून?”

“रक्त निरोगी स्त्रीचं होतं,” मी म्हणाले.

“निरोगी कशावरून? लिव्हरची गाठ असेल.”

“नाही, नाही,” सर उठले. “लिव्हर उत्तम आहे. डॉक्टरांनीच सांगितलं. लिव्हर… म्हणजे लाथा…” आणि ते खाली बसले.

सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी सरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“साधा प्रश्न आहे. ती बाई गरोदर होती का?”

मी ओठ मिटून घेतले. माझ्या हातात अजून अक्काच्या गळ्याची ऊब होती.

“तुम्हाला माहीत नाही?”

मी आलेखाच्या कागदाची कड दुमडत राहिले.

“मुली, पाच वर्षं काम करून तू एवढंही विचारलं नसशील, तर मी यावर सही करू शकत नाही.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. मागं अण्णांनी निःश्वास सोडला आणि दोराची गुंडाळी हातात घेतली. संपलं होतं.

तेवढ्यात यंत्राचा दिवा विझला.

“ओ बाई,” अंधारातून आवाज आला. “तिला नगा इचारू. तिला म्या आण घाटलीया. आणि साहेबास्नी इचारून तर काय उपेगच न्हाई, ते मेंढरांशिवाय कुणाचं बोलत न्हाईत.” खिडकीचा पडदा सरकला. उजेडात शेवंताक्का उभी होती. तिनं खांद्यावरची शाल काढली आणि खुर्चीवर टाकली. “ते रगात माझं. मी पोटुशी हाय.”

सगळं सभागृह वळून पाहत होतं. पाहण्यासारखं खूप होतं. त्या शालीखाली किती काय लपलं होतं याची मलाही कल्पना नव्हती.

“कितवा महिना?” बाईंनी विचारलं. आवाज बदलला होता.

“सातवा लागलाय.”

“आणि दर खेपेला रक्त तुम्हीच दिलंत?”

“मग? ह्यांच्याकडं दुसरी बाई हाय कुठं? ही सुई बघून पडती!”

बाईंनी समोरच्या कागदावरचा माझा आलेख पुन्हा जवळ ओढला. गणपती, दसरा, दिवाळी अशा तिन्ही टिंबांवरून बोट फिरवलं. मग त्या हसायला लागल्या, खांदे हलेपर्यंत.

“मोहोळकर, तुम्ही बुद्धी चालवून हा प्रयोग कधीच रचू शकला नसता. पेशींना कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि या बाईंना स्वतःलाही माहीत नव्हतं. याहून चोख पुरावा कुठला?” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “फक्त पुढच्या वेळी विचारत जा.”

“विचारीन, सर,” सर बाईंना म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी अक्काला मिठी मारली, जमेल तेवढी.

“अक्का, राजश्रीचं लग्न?”

“हुईल न्हाईतर न्हाई. पोटातल्या पोरामुळं मोडणारं लगीन मोडलंच पायजे.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हनुवटी वर होती. “आणि तू ततं उभी. माझी आण पाळत. तंबाखूच्या पोत्यात निघाली हुतीस, पर तोंड उघडलं न्हाईस. मग म्या कशी गप बसू?”

लग्न मोडलं नाही, हे आताच सांगून टाकते. गडहिंग्लजच्या विहीणबाईंनी मांडवात अक्काला पाहिलं, कमरेवर हात ठेवला, आणि म्हणाल्या, “माझं धाकटं दीड वर्षाचं हाय, त्याची अंगडी-टोपडी धाडतो.”

पण ते पुढचं. त्या दिवशी व्हरांड्यात अण्णा आमच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांना भाषणातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, हातातल्या दोराकडे पाहिलं. त्यांनी दोराची गुंडाळी अक्काच्या हातात ठेवली.

“नवाकोरा हाय, ताई,” ते म्हणाले. “पाळण्याला लागंल.”